बदामी, खाकी आणि बेज

भिवंडीत हल्ली नवी इमारत उभी राहिली की आतल्या भिंती हमखास एकाच रंगाच्या असतात: बेज. शेड कार्डावर त्याची दहा-बारा इंग्रजी नावं असतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष रंगापेक्षा नावावर आधी जातं. या रंगाला आपल्याकडे नाव नव्हतं असं थोडंच आहे? बदामी म्हणा, खाकी म्हणा. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले की ते बाहेरचे वाटतच नाहीत. बदामी हे बदामावरून आलं आणि खाकी 'खाक' म्हणजे मातीवरून.

'बेज' हा शब्द फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ न रंगवलेली, मेंढीच्या अंगावर असते तशीच लोकर. हे वाचलं तेव्हा मला आपले पॉवरलूम आठवले. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला आपल्याकडे 'ग्रे' म्हणतात. पण ते राखाडी कुठे असतं? कापसाचा मूळचा पिवळसर रंग त्यात तसाच असतो. पुढे प्रोसेस हाऊसमध्ये धुऊन, ब्लीच करून ते पांढरं होतं. म्हणजे १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांपासून आजच्या कारागिरापर्यंत या गावाने पिढ्यानपिढ्या बेजच विणला, फक्त त्याला तसं म्हटलं नाही.

खाकीचंही मागाशी नातं आहे. पेशावरला १८४६ साली उभारलेल्या गाइड्स पलटणीने मातकट रंगाचा गणवेश घेतला. पुढे मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकाम कारखान्यातही खाकी कापड निघू लागलं. त्या रंगाकडे पाहिलं की आपल्याला पोलीसच आठवतो, माती नाही. आणि १९७० व १९८४ पाहिलेल्या या गावात तर जास्तच.

भिंतींचा इतिहास मात्र चुन्याचा. कोकणपट्टीत शिंपले भाजूनही चुना करत. भिजवलेल्या चुन्यात थोडा डिंक, पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ, की झाली सफेदी. पिवडी घातली तर फिकट पिवळा, जरा काव टाकली की बदामी. मोरचूद मिसळलं तर निळसर-हिरवट. ईद असो की दिवाळी, कुंचला तोच आणि बादलीही तीच. हवा लागली की चुना पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, आणि कीड-बुरशी त्याच्या वाटेला जात नाही. मग डिस्टेंपर आलं, खडू आणि सरसाचं. टेकून बसलं की शर्टाच्या पाठीवर उमटायचं. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्ससारख्या कंपन्यांनी पुढे धुता येणारं डिस्टेंपर घरोघर नेलं आणि चुन्याची बादली माळ्यावर गेली.

आता बेज का? मळ दिसत नाही, खोली मोठी वाटते, ही कारणं खरीच आहेत. पण माझ्या एका नातेवाइकाने फ्लॅट भाड्याने देताना वेगळंच कारण सांगितलं: "हिरवा नको भाई, घर कुणाचं ते कळतं." मी वाद घातला नाही. पण कोकणातल्या कितीतरी हिंदू घरांच्या ओट्यांना हिरवा रंग मी लहानपणापासून पाहतोय. त्या भिंतींवरून कुणी कुणाचा धर्म ओळखत नसे.

माझ्या घरी गेल्या रमजानआधी रंगकाम निघालं. बायकोने शेड निवडली आणि मी यादीत 'बदामी' लिहिलं. दुकानदाराने क्षणभर पाहिलं आणि बरोबर तोच डबा काढून दिला.