परळच्या बाटल्या आणि क्षयाची भावकी

आमच्या कामाची सुरुवात अंड्यांपासून व्हायची. परळच्या ज्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून लागले, तिथे अंडी साबणाच्या पाण्याने धुवायची, स्पिरिटने पुसायची, फोडून घुसळायची आणि मलमलीतून गाळायची. मग त्यात क्षार, ॲस्पॅराजिन, ग्लिसरॉल आणि मॅलाकाइट ग्रीन. बाटल्या तिरक्या ठेवून ८०-८५ अंशांवर मिश्रण घट्ट केलं की क्षयाच्या जंतूसाठी हिरवट उतार तयार. पुस्तकात त्याला लोवेनस्टाइन-जेन्सन म्हणतात, आम्ही एल. जे. म्हणायचो.

जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहायचं तर ते औषध मिश्रण घट्ट होण्याआधीच घालावं लागे: मिलिलिटरमागे आयसोनायझिड ०.२ मायक्रोग्रॅम, रिफाम्पिसिन ४०. तपासण्याची रीत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या जॉर्ज कानेत्ती यांची, १९६३ सालची. साध्या बाटलीच्या तुलनेत औषधाच्या बाटलीतली वाढ १ टक्का किंवा त्याहून जास्त असेल, तर ते औषध निकामी. २८व्या दिवशी बघायचं, पुन्हा ४२व्या दिवशी. मुंबईसारख्या शहरात क्षयाने हाताला हीच सवय लावली होती. चार-पाच दिवसांत बाटलीवर काही उगवलं, की ती बाहेरची घाण समजून टाकून देण्याकडे कल असायचा.

खरं तर क्षयाच्या भावकीशी, म्हणजे मायकोबॅक्टेरियम कुळातल्या इतर जंतूंशी, परळची ओळख जुनी. १९५८ साली इथल्याच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि वसंत खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक मायकोबॅक्टेरियम वाढवून दाखवला. शोध होता कुष्ठाच्या जंतूचा. हाती आलेला ‘आय. सी. आर. सी.’ जंतू पुढे एव्हियम-इन्ट्रासेल्युलेअर गटात गणला गेला, आणि त्याच्यापासून कुष्ठरोगावर लसही तयार झाली. एवढं मोठं काम पायी चालण्याच्या अंतरावर झालेलं, आणि परळ-लालबागच्या लोकांना त्याचा पत्ता नाही, याचं मला वाईट वाटतं.

तो जंतू सावकाश वाढणारा. भरभर वाढणारे वेगळे. १९३८ साली ब्राझीलमध्ये इंजेक्शनच्या जागी झालेल्या गळवातून फॉर्च्युइटम सापडला. १९५९ मध्ये जंतुशास्त्रज्ञ रन्यन यांनी अशा सगळ्यांना आपल्या वर्गीकरणाच्या चौथ्या गटात टाकलं: सात दिवसांच्या आत वाढणारे. पाण्यात, मातीत राहणारे, नळाच्या क्लोरिनला सहसा न बधणारे. चांगल्या प्रकृतीच्या माणसाला ते सहसा काही करत नाहीत. त्यांना शरीरात शिरायला वाट लागते.

मुंबईत तशी एक वाट एका मोठ्या प्रगतीबरोबर उघडली. १९९० साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया. माणूस लवकर कामावर परत जातो, म्हणून ही पद्धत गरिबाच्या जास्त उपयोगाची, हे ते आवर्जून सांगत. गिरणगावात हा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. पण या उपकरणांवर विद्युतरोधक आवरण, आत बारीक सांधे. वाफेत टाकता येत नव्हती म्हणून ती २ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवत. वेळ पुरेसा दिला नाही, किंवा नंतर नळाच्या पाण्याने विसळली, की सांध्यांत जंतू राहायचे.

जखम आधी छान भरायची. काही आठवड्यांनी त्याच छिद्राशी गाठ यायची, पू यायचा. नेहमीच्या कल्चरच्या प्लेट दोन दिवसांत टाकल्या जात, त्यामुळे त्यांत काही दिसत नसे. झील-नील्सन पद्धतीने रंगवून पाहिलं तर लाल काड्या दिसत, आणि या शहरात लाल काड्या म्हणजे टीबी! रुग्णाला टीबीच्या गोळ्या सुरू होत. पण जंतू असायचा भरभर वाढणाऱ्यांतला, चेलोनी; त्यातल्या बहुतेक गोळ्यांना तो दाद देत नाही. गोळ्यांनी पोट बिघडे, पू वाहतच राही.

२००१ साली माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या चेलोनी संसर्गावर टिपण छापलं. त्या लेखकांत डॉ. उडवाडियांचंही नाव आहे. ज्यांनी ही शस्त्रक्रिया देशात रुजवली, त्यांनीच तिच्यामागून आलेला संसर्गही नावानिशी मांडला. याला मी वैद्यकातलं मोठं धैर्य मानते.

या भरभर वाढणाऱ्या जंतूंवर औषधं तपासायची रीतही बदलली. अमेरिकेची प्रमाणित पद्धत २००३ मध्ये छापून आली. त्यात अंडी नाहीत. ९६ खळग्यांची प्लेट, द्रवात दर खळग्याला निम्मं होत जाणारं औषध, ३० अंश, तीन ते पाच दिवस. औषधंही निराळी: ॲमिकासिन, सेफॉक्सिटिन, इमिपेनेम, लिनेझोलिड, क्लॅरिथ्रोमायसिन. फसवतं ते शेवटचं. अबसेसस या भरभर वाढणाऱ्या आणखी एका जंतूमध्ये एर्म-४१ नावाचं जनुक आहे, हे २००९ मध्ये उघड झालं. औषध समोर आलं की ते जागं होतं. तिसऱ्या दिवशी स्वच्छ दिसलेला खळगा चौदाव्या दिवशी गढूळ असू शकतो. सर्जनचे फोन येत राहतात, तरी प्लेट चौदा दिवस ठेवावीच लागते.

चेलोनीत हे जनुक नसतं. अबसेससच्याच मॅसिलिएन्स या उपजातीत ते तुटकं असतं, तिथे क्लॅरिथ्रोमायसिन सहसा चालतं. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘अबसेसस’ लिहून सही करणं मला कधीच पटलं नाही.