दिनविशेष : २३ नोव्हेंबर १९४६
परकीय नागरिकांविषयीचा कायदा १९४६ साली आजच्या दिवशी मंजूर झाला, तेव्हा आपले बदनापूर निजामाच्या मुलखात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होते. ज्या दिल्ली सरकारने तो केला, त्याचा अंमल येथे सुरू होण्यास सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई व्हावी लागली.

परकीयाचा प्रवेश, वास्तव्य व निर्गमन यांचे नियमन करण्याचाच नव्हे, तर त्यास अटक करून स्थानबद्ध ठेवण्याचाही अधिकार या कायद्याने मध्यवर्ती सरकारास दिला. परंतु त्याहून कठोर होते ते नववे कलम, ज्याने आपण परकीय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार खुद्द संशयितावरच टाकला. चोरी-दरोड्याच्या फौजदारी खटल्यात जो भार सरकार वाहते, तो येथे उलटला. आणि ज्याच्या संग्रही जन्माचा दाखला नाही, जमिनीचा सातबारा तर नाहीच, अशा फिरस्त्या मजुरास तो किती जड जातो, हे कोणत्याही तहसील कचेरीच्या दारात तासभर उभे राहिल्यास कळून येते.

तथापि केवळ गुन्ह्याच्या आरोपावरून स्थानबद्धतेची सक्ती या कायद्यात नव्हती. ती अमेरिकेने २९ जानेवारी २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्याने केली : बेकायदा वास्तव्य करणाऱ्या परकीयावर दुकानातील किरकोळ चोरीचा आरोप येताच, निकालाची प्रतीक्षा न करता, त्यास कोठडीत ठेवणे तेथील अधिकाऱ्यांवर बंधनकारक झाले.

आपल्याकडे १९४६ च्या कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली. सिद्धतेचा भार मात्र त्यातही संशयितावरच आहे.