विहिरीतली टीसीएल पावडर आली कुठून?

पावसाळा लागला की आपल्या रोहण्यासारख्या गावांत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. मग तक्रार येते, "डॉक्टर, पाण्याला औषधाचा वास येते." तो वास क्लोरीनचा, आणि थोडा येतो हे चांगलेच.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही एकाच घरातली भावंडे. प्रत्येकाच्या अणूत बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि मिळेल तिथून तो ओढून घ्यायची त्यांना घाई असते. फ्लोरीन सर्वांत हावरट. १८८६ मध्ये मोइसाँ यांनी तो वेगळा केला, त्याआधी या खटाटोपात काही शास्त्रज्ञांचे जीव गेले. आयोडीन चौघांत मवाळ, म्हणून जखमेवर चालते. क्लोरीन मधला. मिठातही क्लोरीन असतो, पण त्याला सोडियमकडून इलेक्ट्रॉन मिळून गेलेला आहे. पोट भरलेला क्लोरीन चिमूटभर मिठातून जंतू मारणार नाही.

१७७४ मध्ये स्वीडनच्या शेले यांनी मँगनीजच्या खनिजावर (मँगनीजच्या खाणी आपल्या शेजारी नागपूर-भंडाऱ्याकडेही आहेत) मिठाचे आम्ल ओतले आणि हिरवट-पिवळा वायू निघाला. तो रंग उडवतो हे कळल्यावर १७९९ मध्ये टेनंट यांनी तो चुन्यात मुरवून पावडर केली, ती कापड पांढरे करायला! जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

व्हिएन्नाच्या इस्पितळात एप्रिल १८४७ मध्ये एका प्रसूती विभागात १०० पैकी १८ बाळंतिणी दगावल्या. शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हातांचा वास जावा म्हणून सेमेलवाइस यांनी त्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. जुलैत मृत्यू जेमतेम १ टक्क्यावर आले. तरी सहकाऱ्यांनी त्यांचे ऐकले नाही. आमच्या व्यवसायाचा हा जुना रोग.

क्लोरीनची ही भूक निवड करत नाही. गढूळ पाण्यात तो आधी गाळ आणि शेवाळावरच खर्च होतो. उघड्या पोत्यातली पावडरही हवेने, उन्हाने निकामी होते. ताजी असेल तर १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम पुरते. टाकल्यावर तासभर पाणी उपसू नका. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे झाले, तर कचरा संपवूनही क्लोरीन शिल्लक आहे असे समजा.

आणि ही पावडर संडासाच्या ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका. त्यातून निघणारा वायू तोच, जो २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मनांनी सैनिकांवर सोडला होता. ठसका लागला तर लगेच मोकळ्या हवेत या, धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठा.