वही, बाइंडर आणि एफ-१६

गेल्या शनिवारी नाशिकला घरी गेलो होतो. आईचं नेहमीचं, "आलायस तर तुझा तो खोका आवर, नाहीतर मी रद्दीवाल्याला देते." माळ्यावरून खोका खाली काढला. दोन बंद पडलेले माउस, बारावीचं हॉलतिकीट आणि सगळ्यात खाली एक दोनशे पानी वही. वर स्केचपेनने लिहिलेलं : 'फाल्कन ४ - अभ्यास'. 'अभ्यास' हा शब्द आईला फसवायला घातला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

खोका तसाच राहिला आणि मी दुपारभर ती वही वाचत बसलो. पुण्याला परत येताना बसमध्ये डोक्यात जे घोळत होतं, ते आज लिहून काढतोय. थोडा इतिहास आहे, थोडी आमची फजिती आहे.

गोष्ट २००९ च्या दिवाळीची. मी सातवीत. घरावरून अधूनमधून ओझरच्या एचएएलची सुखोई जायची आणि मी जेवण टाकून गच्चीवर पळायचो. माझा मावसभाऊ तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. माझं विमानवेड पाहून त्याने हॉस्टेलवरून एक कॉपी केलेली सीडी आणली. "हा गेम जुना आहे, पण असला दुसरा नाही," दादा म्हणाला. गेम म्हणजे फाल्कन ४.०, एफ-१६ या लढाऊ विमानाचा सिम्युलेटर, १९९८ चा. आमच्या हातात पडेपर्यंत अकरा वर्षं जुना झालेला. त्यामुळे आमच्या डबड्या पीसीवर तो चालला तरी.

चालला म्हणजे सुरू झाला. विमान हलेना. जवळजवळ सगळा कीबोर्ड कामाला जुंपलेला, शिवाय शिफ्ट, कंट्रोल, आल्टबरोबर तेच बटण दाबलं की काहीतरी तिसरंच. आमच्याकडे जॉयस्टिक नाही, इंटरनेट सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने आणि मॅन्युअल तर नाहीच. मग वही काढली. डावीकडे बटण, उजवीकडे काय झालं. "हे दाबलं, चाकं आत गेली. (जमिनीवर असताना दाबू नये.)" अशा तीसेक पानांनंतर आम्ही विमान उडवू शकत होतो. उतरवायला आणखी महिना लागला.

एका गोष्टीवर मात्र आम्ही कायमचे अडकलो. वेग कमी असताना नाक फार वर खेचलं, की विमान ताट सोडल्यासारखं पोटावर सपाट खाली यायला लागायचं. मग काहीही करा, जमिनीपर्यंत तसंच. वहीत नोंद आहे : "अशा वेळी काही उपाय नाही. गेम बंद करावा."

उपाय होता. याला डीप स्टॉल म्हणतात, खऱ्या एफ-१६ लाही तो होतो. हे विमान मुद्दाम जरा अस्थिर बनवलंय, म्हणजे ते चपळ वळतं. ते सांभाळतो कॉम्प्युटर. स्टिक पायलटच्या हातात असली तरी शेवटचा शब्द कॉम्प्युटरचा. डीप स्टॉलमध्ये कॉम्प्युटर शेपटीचा ताबा स्वतःकडेच ठेवतो, त्यामुळे स्टिक पुढे ढकलून उपयोग होत नाही. त्यासाठी मॅन्युअल पिच ओव्हरराइड नावाचा एक स्विच आहे. तो दाबून धरायचा आणि नाक वरखाली डुलत असतं त्याच्या तालावर स्टिक मागे-पुढे करायची. झोक्याला पाय मारतो तसं. दोन-तीन झोक्यांत नाक खाली पडतं आणि विमान पुन्हा उडायला लागतं.

आता सांगा, हे सातवीतलं पोरगं बटणं दाबून दाबून शोधून काढेल का? तो स्विच आमच्या वहीत होता. त्यापुढे लिहिलं होतं, "काही होत नाही."

ज्यांनी खोका विकत घेतला, त्यांना मॅन्युअल मिळालं होतं. आणि कसलं! फाल्कन ४.० च्या खोक्यात तीन रिंगांच्या बाइंडरमध्ये सहाशेच्या आसपास पानं होती. ट्रेनिंगच्या भागामागे पीट बोनॅनी हा खराखुरा एफ-१६ चा पायलट होता.

अशा जाड मॅन्युअलांची त्या काळात परंपराच होती. फ्लॉपीवर जागाच इतकी कमी, की गेमबरोबर शिकवणीचा मजकूर मावायचा नाही. तो कागदावर जायचा. शिवाय कागदाचा दुसराही उपयोग होता. मायक्रोप्रोझ कंपनीचा १९८८ चा एफ-१९ स्टेल्थ फायटर सुरू केला, की एका विमानाचं चित्र दाखवून त्याचं नाव विचारायचा. उत्तर मॅन्युअलमध्ये. म्हणजे पुस्तक हेच मास्तर आणि पुस्तक हेच कुलूप. चोरून कॉपी करणाऱ्याला फ्लॉपी मिळायची, मास्तर नाही. आमची सीडी याच घराण्यातली.

गंमत अशी, की खुद्द मायक्रोप्रोझचा जन्म मॅन्युअलशिवाय शिकण्यातून झालाय. १९८२ साली बिल स्टीली आणि सिड मायर एकाच कंपनीत नोकरीला होते आणि लास व्हेगासला कंपनीच्या कामासाठी गेले होते. तिथे रेड बॅरन नावाचा विमानयुद्धाचा आर्केड गेम होता. स्टीली हवाई दलाचा पायलट राहिलेला माणूस, त्याने झोकात खेळून दाखवलं. मग प्रोग्रॅमर मायर बसला आणि त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवून उठला. स्टीली चक्रावला. मायरचं उत्तर साधं होतं : तू खेळत असताना मी शत्रूची विमानं कशी हलतात ते बघत होतो, ती ठरावीक पद्धतीने हलतात. म्हणजे पायलटला विमान माहीत होतं, प्रोग्रॅमरने यंत्र वाचलं. त्यातूनच दोघांनी कंपनी काढली.

आणि खरं विमान? माझा समज असा होता, की खऱ्या पायलटला तरी सगळं पुस्तकात तयार मिळत असणार. पण ते पुस्तक तयार होण्याआधी कोणीतरी उडवलेलं असतंच ना. २० जानेवारी १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर एफ-१६ चा पहिला नमुना, वायएफ-१६, धावपट्टीवर नुसता जोरात पळवून बघायचा होता. उड्डाण ठरलंच नव्हतं. टेस्ट पायलट फिल ओस्ट्रायकर. या विमानाची स्टिक बाजूला बसवलेली आणि ती जवळजवळ हलतच नसे. हाताचा दाब मोजून कॉम्प्युटर काय ते समजायचा. तो दाब किती नाजूक हवा, याचा अंदाज चुकला. विमान डावी-उजवीकडे डुलायला लागलं, शेपटीचा पंख धावपट्टीला घासला आणि ते धावपट्टीवरून भरकटायला लागलं. ओस्ट्रायकरने क्षणात ठरवलं, की जमिनीवर थांबण्यापेक्षा वर जाणं बरं. सहा मिनिटं हवेत काढून त्याने ते सुखरूप उतरवलं. 'अधिकृत' पहिलं उड्डाण त्यानंतर, २ फेब्रुवारीला झालं. कंट्रोलची संवेदनशीलता कमी केली गेली आणि पुढच्या विमानांत स्टिकला जराशी हालचालही दिली गेली, हाताला कळावं म्हणून.

हे वाचल्यावर मला मॅन्युअल म्हणजे काय ते जरा वेगळंच दिसायला लागलं. ती शेवटी आपल्या आधी धडपडलेल्या लोकांची वहीच असते. फक्त त्यांनी धडपडल्यावर 'का' हेही शोधून लिहून ठेवलेलं असतं.

आता फाल्कनचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. १९९८ मध्ये मायक्रोप्रोझ हॅस्ब्रोने विकत घेतली आणि डिसेंबरात, नाताळच्या बाजारात, फाल्कन ४.० बाहेर आला. बगने भरलेला. त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे कोरियातलं युद्ध. तुम्ही उडा की झोपा, रणगाडे पुढे सरकत राहतात, पूल पडत राहतात. हे सगळं एकाच वेळी चालवताना गेम धापा टाकायचा. मग वर्षभर पॅचमागून पॅच आले. पण बाइंडर तर आधीच छापून गेलेलं! प्रत्येक पॅचगणिक छापील पान आणि चालता गेम यांच्यात अंतर पडत गेलं. पैसे मोजून घेणाऱ्यांकडेही मग पूर्ण खरं मॅन्युअल उरलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात अलमीडाला असलेला, हा गेम बनवणारा स्टुडिओच बंद झाला. विचारायला माणूसही उरला नाही.

एप्रिल २००० मध्ये गेमचा सोर्स कोड फुटला आणि इंटरनेटवर आला. कायद्याने ते चूकच, आणि हक्कांच्या भानगडी पुढे बरीच वर्षं चालल्या. पण त्या कोडभोवती जगभरातले हौशी लोक जमले. त्यांनी तो ओळ न ओळ वाचला, दुरुस्त केला, गट फुटले, भांडणं झाली, नवीन गट झाले. २००५ मध्ये अलाइड फोर्स नावाची रीतसर व्यावसायिक आवृत्ती आली. आणि बेंचमार्क सिम्स, म्हणजे बीएमएस या स्वयंसेवकांच्या गटाची आवृत्ती २०११ पासून आजपर्यंत नवी होत राहिली आहे. ती फुकट आहे, फक्त मूळ फाल्कन ४.० तुमच्याकडे असावा लागतो. (मी पहिल्या पगारातून घेतला. दिवाळी २००९ चं पाप फिटलं असं मानतो.) २०२३ मध्ये मायक्रोप्रोझ या नावाने नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीने फाल्कनचे हक्कही परत घेतले.

बीएमएस बसवल्यावर मी पहिल्यांदा काय उघडलं असेल तर त्यातला कागदपत्रांचा फोल्डर. शेकडो पानं! विमान वेगळं, शस्त्रं वेगळी, ट्रेनिंग वेगळं; नावंसुद्धा खऱ्या हवाई दलाच्या पुस्तकांसारखी, डॅश-वन आणि डॅश-३४. थंड उभ्या विमानाचं इंजिन चालू करण्यापासून सगळं. कुठल्याही कंपनीने पगार न देता लोकांनी हे लिहिलंय. विमान नवीन झालं की पानही नवीन होतं. हा गेम इतकी वर्षं जगला तो कोडमुळे, हे सगळे सांगतात. मला वाटतं, तो या फोल्डरमुळेही जगला. नुसता कोड राहिला असता तर मोजक्या पाच-दहा जणांचा राहिला असता.

त्या फोल्डरपुढे आमची वही ठेवून बघितली तर? पान ६२ वर लाल पेनने चौकट करून लिहिलंय : "मिसाइल आलं की डावीकडे वळा. उजवीकडे कधीही नाही." आम्ही हे दोन वर्षं धर्मासारखं पाळलं. खरं कारण असं, की मिसाइल तुमच्या बरोबर काटकोनात, बाजूला येईल असं वळायचं असतं. मग त्याला जास्तीत जास्त वळावं लागतं, त्याचा जोर संपतो, आणि शत्रूच्या रडारलाही तुम्ही धड जवळ येताना दिसत नाही की लांब जाताना. डावं-उजवं याचा काही संबंध नाही! आम्ही दोनदा उजवीकडे वळून मेलो, कारण दोन्ही वेळा वळायला उशीर केला होता. मॅन्युअलशिवाय शिकता येतं, पण ज्ञान आणि अंधश्रद्धा एकाच अक्षरात, एकाच वहीत लिहिली जाते. वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण सांगून थांबतो. माझा नोटीस पिरियड चालू आहे. सोमवारपासून नवीन मुलीला केटी द्यायची आहे. (इंजिनिअरिंगच्या केट्या वेगळ्या, ही नॉलेज ट्रान्सफर.) आमच्या रात्रीच्या एका जॉबमध्ये चाळीस सेकंद थांबायची एक ओळ आहे आणि वर कॉमेंट : "हे काढू नये." ज्याने लिहिली तो मी यायच्या आधीच गेला. मला केटी देणाऱ्याने सांगितलं, काढू नकोस. मी चार वर्षं काढली नाही, आणि केटीच्या डॉक्युमेंटमध्ये परवाच लिहिलं, "काढू नये."

डावीकडे वळा, उजवीकडे कधीही नाही.

रात्री दादाला व्हॉट्सअॅपवर पान ६२ चा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. "अरे, ही वही अजून आहे? आणि लेका, खरंच डावीकडेच वळायचं का रे?" मी त्याला काटकोन समजावून सांगितला. पंधरा वर्षांनी.

आज रविवार. लॅपटॉप उघडून बसलोय आणि ते चाळीस सेकंद नक्की कोणाची वाट बघतात ते शोधतोय. सापडलं तर ती ओळ बदलून लिहीन. नाही सापडलं तर निदान एवढं तरी लिहीन, की कारण मलाही माहीत नाही, मी अमुक अमुक करून बघितलं. पुढचीला निदान कळेल, की यातलं विमान कुठलं आणि आमची लाल चौकट कुठली.