जालना जिल्ह्यातील हिशेबनीसी आणि सनदी लेखापाल प्रमाणपत्राचे मूल्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सनदी लेखापाल परीक्षेचा मार्ग धरावा किंवा नाही, हा प्रश्न जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबांपुढे असतो. शेतीवर अवलंबून असलेल्या घरात तो केवळ आवडीचा प्रश्न नसून, कमावत्या वयातील काही वर्षे कोठे खर्च करावयाची याचा तो निर्णय असतो. प्रस्तुत लेखात या प्रमाणपत्राला मूल्य कशामुळे प्राप्त झाले, याचा ऐतिहासिक शोध घेण्यात आला आहे.

मुनिमीचा काळ :
जालना ही हैदराबाद संस्थानातील महत्त्वाची बाजारपेठ होती. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाल्याने येथील व्यापारास चालना मिळाली. पेढीवरील रोजकीर्द व खतावणी मुनीम सांभाळीत. ही विद्या पेढीवर बसूनच आत्मसात केली जाई. तिला परीक्षा नव्हती, मालकाचा विश्वास हेच प्रमाणपत्र होते. शिक्षण मध्येच सुटले तरी शिकलेले वाया जात नसे. मात्र हा विश्वास बहुधा एका पेढीपुरता मर्यादित असे आणि पेढीवर प्रवेश नात्याने व ओळखीने मिळे. त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलास ती वाट सहसा खुली नव्हती.

कायद्याने आलेले मूल्य :
ब्रिटिश हिंदुस्थानात १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न पुढे आणला. १९१८ साली मुंबईत शासकीय लेखा पदविका सुरू झाली. तिच्यासाठी परीक्षेबरोबरच मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी आवश्यक होती. १९३२ च्या नियमांनी ‘नोंदणीकृत लेखापाल’ हा वर्ग निर्माण केला. पुढे सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ अन्वये १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. नात्याऐवजी परीक्षा आली व प्रवेशाचे दार तत्त्वतः सर्वांना खुले झाले.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. बियाणे उद्योग व पोलाद गिरण्या यांनी त्यास औद्योगिक ओळख दिली. १९८४ साली प्राप्तिकर कायद्यात कलम ४४ अबचा समावेश झाला आणि ठराविक मर्यादेवरील उलाढाल असलेल्या खाजगी व्यापाऱ्यासही सनदी लेखापालाच्या सहीची गरज भासू लागली. मुनीम हिशेब लिहू शके, परंतु ती सही करू शकत नसे. प्रमाणपत्राचे खरे मूल्य या फरकात आहे.

कायद्याने दिलेले मूल्य कायदा काढूनही घेतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा मोठ्या उलाढालीसाठी सनदी लेखापाल अथवा परिव्यय लेखापालाकडून लेखापरीक्षण सक्तीचे होते. २०२१ साली ही सक्ती रद्द होऊन स्वयंप्रमाणन आले.

पर्यायी मार्ग :
महाराष्ट्रात सहकार खात्याची ‘जी.डी.सी. अँड ए.’ ही परीक्षा पदवीधरांना खुली आहे. सहा प्रश्नपत्रिकांच्या या परीक्षेसाठी दीर्घ उमेदवारी करावी लागत नाही. शासनाच्या नामतालिकेत समावेश झाल्यास सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा अधिकार मिळतो. कंपन्यांच्या लेखापरीक्षणाचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

निष्कर्ष :
सनदी लेखापाल ही पात्रता अविभाज्य आहे. मधला टप्पा उत्तीर्ण होऊन अंतिम परीक्षेत थांबलेल्या उमेदवारास ज्ञान मिळते, सहीचा अधिकार मिळत नाही. मुनिमीत प्रत्येक वर्षाचे काही मोल होते, येथे बहुतांश मोल शेवटच्या पायरीवर आहे. २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला असला, तरी हे स्वरूप बदललेले नाही. म्हणून ज्यास स्वतंत्र व्यवसाय करावयाचा आहे व ज्याचे घर अपयशाची एक-दोन वर्षे सोसू शकते, त्याने हा मार्ग अवश्य धरावा. ज्यास गिरणीत किंवा आडत दुकानात हिशेबाची नोकरी करावयाची आहे, त्यास सहीच्या अधिकाराची गरज नसते. वाणिज्य विभागातील प्राध्यापकांनी विद्यार्थ्याच्या गुणांबरोबरच हा प्रश्नही प्रवेशापूर्वी त्याच्यापुढे मांडणे अगत्याचे आहे.