नगारा, नौबत आणि ऑक्टोपॅड

मागच्या महिन्यात आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. "सर, अब्बा म्हणतात ऑक्टोपॅड घेऊ. दादा म्हणतात, घ्यायचाच तर कातड्याचा ड्रम घे. तुम्ही सांगा." अब्बा लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. दादा म्हणजे आजोबा. त्यांची निम्मी हयात गावच्या दर्ग्यात नगारा वाजवण्यात गेली. घर दोन खोल्यांचं आहे आणि शेजाऱ्याची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, ताल शिकवत नाही. त्यामुळे लगेच काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र सवयीप्रमाणे शब्दांकडे वळलो.

'नगारा' हा मूळचा अरबी 'नक्कारा'. त्याच्या धातूचा अर्थ ठोकणं. अर्धगोल भांड्यावर कातडं ताणायचं आणि टिपऱ्यांनी वाजवायचं, असं हे जोडवाद्य. क्रुसेडच्या काळात युरोपच्या सैनिकांनी ते पाहिलं आणि आपल्याकडे नेलं. जुन्या फ्रेंचमध्ये ते 'नाकेर' झालं, इंग्रजीत 'नेकर'. आज पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत तांब्याची मोठी टिंपनी दिसते, ती याच कुळातली. म्हणजे मुलाला हवा असलेला विलायती ड्रम आणि दादांचा नगारा अगदीच परके नाहीत.

दुसरा शब्द 'नौबत'. आज मराठीत तो फक्त वाईट वेळेसाठी उरला आहे. 'उपाशी राहायची नौबत आली' असं आपण म्हणतो. पण अरबीत 'नौबा' म्हणजे पाळी. मोरोक्को आणि अल्जीरियातल्या अंदलुसी संगीतात आजही एका मोठ्या रचनेला 'नूबा' म्हणतात. आपल्याकडे ठरलेल्या प्रहरी, पाळीपाळीनं वाजणारं वादन ते नौबत. मराठीत त्यालाच चौघडा म्हणतात, आणि तो 'झडतो'.

अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशाही नक्कारखान्याची यादीच दिली आहे. दमाम्याच्या सुमारे १८ जोड्या, नक्काऱ्याच्या सुमारे २०, चार दुहुल म्हणजे ढोल, किमान चार कर्णे, नऊ सुरना, शिवाय झांजांच्या तीन जोड्या. पूर्वी नौबत रात्र सुरू होण्याआधी आणि पहाटेआधी वाजायची. अकबराच्या काळात ती मध्यरात्री आणि पहाटे वाजू लागली. कोणतं वाद्य कधी उचलायचं आणि कधी थांबायचं, याचाही क्रम त्यानं लिहून ठेवला आहे. बादशहा स्वतः नक्कारा उत्तम वाजवायचा, असंही तो सांगतो. एवढ्या मोठ्या ताफ्यामागे किती घरं असतील, किती पोरं बापाशेजारी बसून शिकली असतील, याचा विचार करा. बिस्मिल्ला खाँ साहेबांचे पूर्वजही संस्थानी दरबारांत वाजवणारेच होते. नक्कारखाना हाच त्या काळचा मदरसा होता.

आपल्या जिल्ह्याचाही या वाद्याशी एक धागा आहे. ज्या मीर उस्मान अली खाँ निजामाच्या नावावरून धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं, त्याच निजामानं अजमेर शरीफच्या दर्ग्याचा मोठा दरवाजा बांधला. त्या निजाम गेटवर नौबतखाना आहे आणि त्याला 'उस्मानी' म्हणतात. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, अजमेरचा नौबतखाना आहे तिथंच आहे.

त्याही मागे जाऊ. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आपण सहलीला जाऊन पाहतो. तो १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला. या सुलतानानं दखनीत 'किताब-ए-नौरस' हा गीतांचा ग्रंथ रचला, त्यात सरस्वतीला वंदन केलं आणि आपल्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान ठेवलं. पाणी अडवणारा आणि वाद्याला माणसासारखं नाव देणारा राजा एकच होता.

तिथून तुळजापूरला या. भवानीच्या गोंधळात संबळ वाजतो. तोही जोडवाद्यच. एक भांडं लहान, चढ्या आवाजाचं. दुसरं मोठं, खर्जाचं. कदमराई गोंधळ्यांच्या घरांत तो पिढ्यान् पिढ्या चालत आला. दर्ग्यातला नगारा आणि देवीचा संबळ शेजारी ठेवले, तर ते एका घरातले वाटतात. कोण कोणाचा, हा वाद माणसांनी घालावा. वाद्यांनी तो कधी घातला नाही.

आता यंत्राकडे. १९८१ मध्ये इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा षटकोनी पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम गाजला. १९८५ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीनं ऑक्टोपॅड आणला: एका पेटीत आठ पॅड. आपल्याकडे हे नाव इतकं रुजलं, की कुठल्याही कंपनीच्या पेटीला आपण ऑक्टोपॅडच म्हणतो. रबराखालचा सेन्सर फटका मोजतो आणि आधी साठवलेला आवाज त्या जोरानं ऐकवतो. ढोल हवा तर ढोल, ताशा हवा तर ताशा. एका माणसात चौघांचं काम भागतं. बँडवाल्यांना ते परवडतं, आणि उरलेले तिघे मजुरीला जातात.

तरी यंत्राला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकावी लागते. पॅडला ते काही लागत नाही. कानाला हेडफोन लावला की रात्री अकरालाही रियाज होतो आणि शेजारचं पोर अभ्यास करू शकतं. जिला बाहेर जाऊन वाजवू देणार नाहीत अशी एखादी मुलगीही घरात बसून शिकू शकते. आपल्यातले काही म्हणतील, मुळात वाद्य हवंच कशाला? हा मतभेद जुना आहे. सूफींच्या खानकाहांतही समावर शतकानुशतकं वाद झाले. तो मी इथं मिटवणार नाही.

मला टोचतं ते दुसरंच. दादा ज्या दर्ग्यात वाजवायचे, तिथं काही वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसानं विजेचा नगारा भेट दिला. असे नगारे देवळांतही दिसतात. मोटार फिरते, दांडे उचलले जातात, नगारा, झांज आणि घंटा एका ठोक्यात वाजू लागतात. बटण दाबलं की झालं. दादांना कुणी काढलं नाही. त्यांची गरजच उरली नाही. गेल्या उरुसात ऐन संध्याकाळी वीज गेली आणि यंत्र मुकं झालं. लोकांनी जुना नगारा शोधून काढला, तर त्याचं कातडं फाटलेलं. दादा जवळच बसले होते. त्यांनी फाटक्या कडेवरून हात फिरवला आणि काही न बोलता उठून गेले.

नौबत म्हणजे पाळी. एकाचा हात थकला की दुसऱ्यानं टिपरी घ्यायची, म्हणून दुसरा तयार करावा लागतो. यंत्र थकत नाही, म्हणून कुणाला शिकवायची वेळच येत नाही.

पॅडवर एक फटका आणि दुसरा फटका यांत फरक असतो तो जोराचा. कातड्यावर मधे मारलं, कडेला मारलं, टिपरी टेकवून ठेवली किंवा लगेच उचलली, की दर वेळी वेगळं ऐकू येतं. हे हाताला कळायला कातडंच लागतं आणि शेजारी बसून 'असं नाही, असं' म्हणणारा माणूस लागतो.

मुलाला मी सांगितलं, "बेटा, ऑक्टोपॅड घे, रोज घरी रियाज कर. पण जुमेरातला दादांबरोबर दर्ग्यात जायचं."

तो म्हणाला, "सर, पण तिथला नगारा तर फाटलाय."

तेव्हापासून नगाऱ्यावर कातडं चढवणारा कारागीर शोधतोय. तुळजापूरला दोघांकडे विचारणा केली, सोलापूरलाही निरोप धाडला आहे. वाचकांपैकी कुणाला असा माणूस ठाऊक असेल तर जरूर कळवा. दादांचे हात अजून चालतात, तोवर हे काम व्हायला हवं.