व्हॉल्व्हचा रेडिओ गप्प का होतो?

व्हॉल्व्हचा जुना रेडिओ अजूनही एखाद्या घराच्या माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत सापडतो. चालू केला की आत तांबूस उजेड दिसतो, पण आवाज येत नाही. 'व्हॉल्व्ह गेला असणार, आता तो मिळणार कुठे?' असे म्हणून रेडिओ भंगारात दिला जातो. खरे तर अशा रेडिओत दोष बहुधा दुसरीकडेच असतो. तो शोधायचा तर व्हॉल्व्ह काय काम करतो हे समजायला हवे. गंमत अशी, की ज्याने रेडिओचा हा महत्त्वाचा व्हॉल्व्ह बनवला, त्यालाच ते नीट उमगले नव्हते.

१८८० च्या सुमारास एडिसनच्या विजेच्या दिव्यांच्या काचा आतून काळ्या पडत. कारण शोधण्यासाठी त्याने दिव्यात तंतूशेजारी धातूची एक पट्टी बसवली. पट्टी बॅटरीच्या धन टोकाला जोडली की मधल्या पोकळीतून वीज वाहे. ऋण टोकाला जोडली की वाहत नसे. १८८३ साली एडिसनने यावर पेटंटसाठी अर्ज केला, पण असे का होते याच्या खोलात तो गेला नाही. तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात हे तेव्हा कळणार तरी कसे? इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ साली लागला. पुढे १९०४ मध्ये लंडनच्या जॉन फ्लेमिंग यांनी ही दोन टोकांची नळी रेडिओलहरी ओळखण्यासाठी वापरली. वीज एकाच दिशेने जाऊ देणारी ही झडप, म्हणून तिचे नाव पडले 'व्हॉल्व्ह'.

१९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तंतू आणि पट्टी यांच्यामध्ये तारेची एक जाळी बसवली. जाळी तंतूच्या जवळ असते. त्यामुळे तिच्यावरचा विद्युतदाब थोडासा बदलला, तरी पट्टीकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह बराच बदलतो. क्षीण संदेश जाळीला द्यावा आणि त्याचीच मोठी प्रतिकृती पट्टीकडून घ्यावी, हेच विवर्धन. पण डी फॉरेस्टची समजूत वेगळी होती. नळीत उरलेल्या वायूच्या आयनांमुळे ती काम करते आणि हा वायू आवश्यकच आहे, असे तो मानत असे.

ही समजूत चुकीची ठरली ती मोजमापांमुळे. कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन आर्मस्ट्राँगने जाळीवरचा दाब आणि पट्टीतला प्रवाह मोजून त्यांचे आलेख काढले. १९१४ सालच्या लेखात त्याने नळीचे कार्य इलेक्ट्रॉनांच्या आधारे समजावून दिले. दरम्यान लँगम्यूर आणि अर्नोल्ड या शास्त्रज्ञांनी नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकली. नळी बंद तर पडली नाहीच, उलट अधिक भरवशाची झाली!

आर्मस्ट्राँगला १९१२ सालीच आणखी एक गोष्ट सापडली होती. पट्टीकडून मिळालेल्या संदेशाचा थोडा भाग पुन्हा जाळीला दिला, तर विवर्धन कितीतरी पटींनी वाढते. हा भाग आणखी वाढवला, की नळी स्वतःच विद्युतकंपने निर्माण करू लागते. या शोधाच्या हक्कावरून डी फॉरेस्टशी त्याचा वर्षानुवर्षे खटला चालला. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा आर्मस्ट्राँग रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने पूर्वी दिलेले पदक परत करायला गेला. संस्थेने ते घेतले नाही. अभियंत्यांच्या लेखी शोध त्याचाच होता.

१९१८ साली, पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्यात असताना, आर्मस्ट्राँगने 'सुपरहेटरोडाइन' पद्धत शोधली. केंद्र कोणतेही असो, त्याची लहर आधी एका ठरावीक कंप्रतेत बदलून घ्यायची आणि मग तिचे विवर्धन करायचे. ही ठरावीक कंप्रता अनेक रेडिओंत ४५५ किलोहर्ट्‌झ असते. केंद्र १००० वर असेल, तर रेडिओतला आंदोलक १४५५ किलोहर्ट्‌झची कंपने निर्माण करतो. दोन्ही मिसळली की फरक उरतो ४५५. काटा ६०० वर नेला, की आंदोलक १०५५ वर जातो, फरक तोच.

मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. पुढे १९५० च्या दशकात आपल्याकडच्या दिवाणखान्यांत जे रेडिओ आले, ते याच पद्धतीचे होते. त्यांतल्या पुष्कळ व्हॉल्व्हवर ईसीएच ८१, ईएल ८४ अशी नावे दिसतात. यातला पहिला 'ई' म्हणजे तंतूला ६.३ व्होल्ट लागतात. पहिले अक्षर 'यू' असेल, तर सगळे तंतू एकसरीत जोडलेले असतात. अशा रेडिओत सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि आतला पत्रा, म्हणजे चॅसी, थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला तर त्यावर २३० व्होल्ट असू शकतात!

आता दोषाकडे वळू. व्हॉल्व्ह काचेत बंद असतो. काच शाबूत असेल तर तो अनेक दशके टिकू शकतो. काचेच्या आत चंदेरी डाग दिसतो, तो उरलेला वायू शोषून घेणाऱ्या धातूचा. डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. डाग चंदेरी असेल तर संशय घ्यावा तो कंडेन्सरवर. जुन्या कंडेन्सरमध्ये मेणात भिजवलेला कागद असे. तो पावसाळ्यातली दमट हवा शोषतो आणि त्यातून वीज झिरपू लागते. शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीला जोडलेला कंडेन्सर असा झिरपू लागला, तर ऋण राहायला हवी ती जाळी धन होते. प्रवाह बेसुमार वाढतो, आवाज फाटतो आणि पट्टी लालबुंद होते. तिथे नवा व्हॉल्व्ह बसवला, तर काही काळाने तोही जातो. जाळीचे काम ज्याला कळले, तो व्हॉल्व्ह न बदलता कंडेन्सर बदलतो.

रेडिओ नुसताच घरघरत असेल, तर वीजपुरवठ्यातले मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर तपासावेत. वर्षानुवर्षे वापर नसला की त्यांच्यातला ऑक्साइडचा पातळ थर खराब होतो. अशा रेडिओला एकदम पूर्ण दाब दिला, तर ते तापून फुटू शकतात. म्हणून जुना रेडिओ सापडताच प्लग लावून पाहण्याचा मोह टाळावा. प्लग काढल्यावरही या कंडेन्सरमध्ये दोनशेहून अधिक व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात. त्यामुळे आतले काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

दोष शोधताना अनुभवी कारागीर रेडिओचे मनातल्या मनात दोन भाग करतो. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणापाशी बाहेरून संदेश दिला आणि तो स्पीकरमधून ऐकू आला, तर पुढचा अर्धा भाग ठीक आहे. मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग. चार-पाच पायऱ्यांत दोषाची जागा सापडते.

दुरुस्त झालेल्या रेडिओवर वर्गात एक प्रयोग करता येईल, तोही पेटी न उघडता. शेजारी एक साधा ट्रान्झिस्टर ठेवा आणि त्यावर १००० ते १५०० किलोहर्ट्‌झमधले एखादे केंद्र लावा. मध्यम लहरींवरची आकाशवाणीची अनेक प्रक्षेपणे आता बंद झाली आहेत. दिवसा काही मिळाले नाही तर रात्री पाहा, तेव्हा दूरची केंद्रेही लागतात. आता जुन्या रेडिओचा काटा त्या केंद्रापेक्षा ४५५ ने कमी आकड्याजवळ हळूहळू फिरवा. एका जागी ट्रान्झिस्टरमधून शीळ ऐकू येईल. ती जुन्या रेडिओतल्या आंदोलकाची खूण. शीळ आली नाही, तर आंदोलक बंद आहे किंवा त्याची कंपने ट्रान्झिस्टरपर्यंत पोचत नाहीत. दोन्ही पेट्या आणखी जवळ आणून पाहावे. शीळ कोणत्या आकड्यावर आली ते विद्यार्थ्यांना नोंदवायला सांगा. दोन आकड्यांच्या वजाबाकीवरून त्या रेडिओची ठरावीक कंप्रता त्यांना स्वतःच काढता येईल.